पूर्वजांच्या खुणा आणि नवा नकाशा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी विद्वान नाही, इतिहाससंशोधक तर नाहीच नाही. माझे आयुष्य जमिनी मोजण्यात गेले. प्रथम साखळी व प्लेन टेबल घेऊन, पुढे यंत्रे आली ती घेऊन, मी लोकांच्या शेताबांधांवरून हिंडलो. तेव्हा मी जे काही सांगणार आहे, ते एका मोजणीदाराचे सांगणे आहे, एवढे आरंभीच ध्यानात घ्यावे.

आपल्यापैकी बहुतेकांची मूळ गावे कोकणात आहेत. पोटापाण्यासाठी आपण मुंबईस, पुण्यास, कित्येक तर सातासमुद्रापलीकडे गेलो. तथापि शिमग्याला पालखीसाठी आणि वर्षातून एकदा ग्रामदेवतेच्या पायांशी जाण्याची आपली रीत सुटलेली नाही. देवळापर्यंत आपण जातो. परंतु देवळामागच्या सड्यावर आपल्यापैकी किती जण जातात? त्या सड्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या कातळाच्या सड्यांवर माणसाच्या हाताने खोदलेली चित्रे आहेत, हे आता जगाला ठाऊक झाले आहे. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. मासे, पक्षी, वाघ, हत्ती, मनुष्याकृती, आणि ज्यांचा अर्थ अद्यापि कोणास लागलेला नाही अशा भौमितिक रचना, असे त्यांचे स्वरूप आहे. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे 18 मीटर लांब व 13 मीटर रुंद असून तिच्या पोटात इतर प्राण्यांची अनेक लहान चित्रे कोरलेली आहेत. काही ठिकाणी गेंड्याची आकृती आहे. आणि गेंडा तर आज कोकणात नाही. ज्यांनी तो कोरला त्यांनी तो पाहिला असला पाहिजे, एवढ्यावरूनच या चित्रांच्या प्राचीनत्वाची कल्पना यावी. त्यांच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत चर्चा चालू आहे. त्यांतील काही चित्रे अश्मयुगातील माणसाने कोरली असावीत, असे अभ्यासक मानतात. 2022 साली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी व गोव्यातील फणसाईमळ येथील कातळशिल्पांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले. देवीहसोळ येथील चित्र तर आर्यादुर्गेच्या देवळाजवळच आहे. म्हणजे ज्या वाटेने आपण ओटी घेऊन जातो, त्या वाटेवरच हे धन पडलेले आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच घरची आहे, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो.

आमच्या गावच्या सड्यावर आमच्या वाट्याची काही जमीन होती. तेथे कातळात एक मोठा मासा व त्याशेजारी दोन पाय जुळवून उभी असलेली मनुष्याकृती कोरलेली होती. पांडवांनी ती एका रात्रीत काढली, असे आजी सांगे. गुरे सोडून आम्ही मुले त्या माशाच्या शेपटीवर बसून करवंदे खात असू. पुढे 1991 साली घरात लग्नकार्य निघाले, डोक्यावर कर्ज होते, आणि सड्यावर नुसते गवत उगवते म्हणून ती जमीन चिरेखाणीस देण्याचे आम्ही भावांनी ठरविले. जागेचा नकाशा मीच काढला. त्यावर चारी हद्दींच्या खुणा होत्या, पायवाट होती, गडगा होता, एक आंब्याचे झाडदेखील होते. मासा नव्हता. तो दाखवावयाचा असतो हे मला सुचलेच नाही. त्या नकाशावर मी माझ्या हाताने सही केली.

काही वर्षांनी गेलो तेव्हा तेथे सरळ कडांचा एक चौकोनी खड्डा होता व त्यात पावसाचे पाणी साचले होते. आज एखाद्या अभ्यासकाने मला विचारले, की मासा किती लांब होता, त्याचे तोंड कोणत्या दिशेस होते, तर मला सांगता येत नाही. ज्याने उभी हयात इतरांच्या जमिनी मोजल्या, त्याने ही एक वस्तू मोजली नाही. मी कोणास दोष देत नाही. खाणवाल्याने आपला धंदा केला, आम्ही आमची अडचण भागविली. पण जे कागदावर नव्हते ते कोणाच्याच दृष्टीने अस्तित्वात नव्हते, एवढे खरे.

बंधुभगिनींनो, हे केवळ आमच्याच गावी घडले असे समजू नका. ज्या वास्तूंना प्रत्यक्ष केंद्र सरकारचे संरक्षण आहे, त्यांचीही हीच कथा आहे. 2013 साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात अशी 92 स्मारके जागेवर आढळत नसल्याचे नमूद केले. पुढे शोध होऊन त्यांपैकी 42 सापडली. उरलेल्या 50 विषयी डिसेंबर 2022 मध्ये संसदीय समितीपुढे जी माहिती आली, ती अशी: 14 शहरांच्या वाढीत गेली, 12 धरणांच्या पाण्याखाली गेली, आणि 24 चा ठावठिकाणाच लागत नाही. या हरवलेल्यांत फरिदाबादेतील मुजेसर येथील क्रमांक 13 चा कोस मिनार आहे. वाटसरूंना अंतर कळावे म्हणून बादशाही काळात उभारलेला तो मिनार! दुसऱ्यांना वाट दाखविणाऱ्याचीच वाट आज कोणास सापडत नाही. याचे एक कारण उघड आहे. जुन्या याद्यांत गावाचे नाव असे, वास्तूचे नाव असे. पण ती गावात नेमकी कोठे, हे लिहिलेले नसे. गाव वाढले, जुनी माणसे गेली, आणि यादीतील नाव तेवढे उरले.

यावर उपाय काय? उपाय आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. आपण ज्या भ्रमणध्वनीवर नातवंडांची छायाचित्रे पाहतो, त्यालाच आकाशातील उपग्रहांचे संदेश मिळतात. किमान चार उपग्रहांपासूनचे अंतर कळले, की ते यंत्र आपला अक्षांश व रेखांश सांगते. मोकळ्या आकाशाखाली त्याची चूक साधारणतः पाचेक मीटरची असते. आणि सड्याइतके मोकळे आकाश दुसरीकडे कोठे मिळणार? मात्र आकडे अर्धवट लिहू नयेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे 111 किलोमीटर. दशांश चिन्हापुढे दोनच आकडे लिहिले तर एक किलोमीटरभर जागेत शोध घ्यावा लागेल. पाच आकडे लिहिले तर हिशेब सुमारे एका मीटरपर्यंत येतो.

अशा नोंदी संगणकावरील नकाशात घातल्या, की त्यांचे सामर्थ्य कळते. हा नकाशा जुन्या कागदासारखा एकपदरी नसतो. पारदर्शक पानांची चळत असावी, तसे त्याचे थर असतात. एका थरावर गटांच्या हद्दी, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर खाणींचे परवाने, चौथ्यावर आपली कातळशिल्पे, देवराया, जुन्या विहिरी, वीरगळ. हे थर एकमेकांवर ठेवले म्हणजे कोणती खाण कोणत्या चित्राच्या किती जवळ आली, ते क्षणात दिसते. युरोपातील सेंटिनेल नावाचे उपग्रह दर काही दिवसांनी पृथ्वीची छायाचित्रे घेतात, व ती कोणासही विनामूल्य पाहता येतात. त्यांत 10 मीटरचा एक ठिपका असल्याने मासा दिसणार नाही. पण चिरेखाणीचा तांबडा चौकोन महिन्यामहिन्याला कसा वाढत चालला आहे, ते स्पष्ट दिसेल. भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे करण्याच्या कामी पूर्वी ज्या परवानग्या लागत, त्या 2021 च्या धोरणाने बहुतांशी दूर झाल्या आहेत. तेव्हा हे काम सरकारने करावे म्हणून वाट पाहत बसण्याचे कारण उरलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, की कायदा आहे, मग आपण कशाला? कायदा आहे हे खरे. केंद्राचा 1958 चा आहे, महाराष्ट्राचा 1960 चा आहे. आणि 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास व खाणकामास मनाई असून त्यापुढील 200 मीटरवर निर्बंध आहेत. परंतु हे 100 मीटर मोजावयाचे कोठून? जी जागा संरक्षित म्हणून घोषितच झालेली नाही, तिला या अंतराचा काय उपयोग? घोषणेसाठी नोंद हवी, व नोंदीसाठी जागा ठाऊक असणारा माणूस हवा. तो माणूस कचेरीत नसतो. तो वाडीत असतो, आणि बहुधा सत्तरीच्या पुढचा असतो.

दोन शंकांचे निरसन करणे मला अगत्याचे वाटते. पहिली अशी, की जागा जाहीर केल्या तर गुप्तधनाच्या लोभाने खणणारे तेथे पोचतील. ही भीती रास्त आहे. म्हणून सर्वांसाठी असलेल्या नकाशात गावाचे नाव तेवढे दाखवावे, आणि अचूक आकडे पुरातत्त्व विभाग, ग्रामपंचायत व अभ्यासक यांच्यापाशी असावेत. दुसरी शंका जमीनमालकाची. चित्र नोंदविले की जमीन हातची जाईल, असे त्यास वाटते. ज्याने कर्जापायी सडा विकला तो मी, या शंकेस हसणार नाही. अशा मालकास उपदेश करून भागत नाही. त्याच्याशी आधी बसून बोलले पाहिजे. चित्राभोवतीची थोडी जागा राखून उरलेली वापरता येईल काय, पाहावयास येणाऱ्यांपासून त्याच्या घरी चार पैसे येतील काय, याचा विचार गावाने त्याच्यासह केला पाहिजे. उक्षी येथे हत्तीच्या चित्राभोवती भिंत घालून ते जपले आहे. गावाने मनावर घेतले तर काय होते, त्याचे ते उदाहरण आहे.

आता माझी विनंती. मंडळाकडे निधी मागण्यास मी उभा राहिलेलो नाही. येत्या शिमग्यास गावी जाल तेव्हा घरातील एक वडीलधारे माणूस व एक शाळाकॉलेजातील मूल अशी जोडी सड्यावर पाठवा. वडीलधाऱ्याने जागा दाखवावी, तिचे गावातले नाव सांगावे, तिच्याविषयीची गोष्ट सांगावी. मुलाने अक्षांश-रेखांश टिपावेत, गट नंबर लिहावा, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, उत्तर दिशा दाखवावी व तारीख घालावी. सकाळी लवकर किंवा सायंकाळी जावे. उन्हे तिरपी असली की पुसट रेघाही उठून दिसतात. चित्रावर खडू, चुना वा रंग यत्किंचितही लावू नये, आणि पाय देऊ नये. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीस, एक पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयास व एक आपल्या मंडळास द्यावी. पुढल्या वर्षी पुन्हा त्याच जागी जाऊन ती जशीच्या तशी आहे ना, हे पाहावे. नकाशा एकदा काढून भागत नाही. दरसाल त्याची फेरतपासणी करावी लागते, हे मी माझ्या नोकरीत शिकलो.

आणि एक सांगणे. ही चित्रे कोणी काढली, हे आपणांस ठाऊक नाही. ज्या काळी ती निघाली त्या काळी आपली ज्ञाति नव्हती, कोणाचीच नव्हती. म्हणून नोंद करताना आपल्या वाडीची व दुसऱ्याच्या वाडीची, असा भेद करू नये. शेजारच्या वाडीतील म्हाताऱ्यास ज्या जागा ठाऊक आहेत, त्या विचारावयास त्याच्या अंगणात जावे लागेल, तर अवश्य जावे.

या स्मरणिकेत आपण दरवर्षी दिवंगत ज्ञातिबांधवांची नावे छापतो. ते नाव वाचले की माणूस होता, एवढे तरी उरते. आमच्या सड्यावरच्या माशाचे नाव कोठेच छापले गेले नाही. आज येथे बोलण्याच्या निमित्ताने ते छापले जाईल, याचे मला समाधान आहे. आमच्या गावात त्या जागेला ‘मासळीचा कातळ’ म्हणत असत. तो 1991 पर्यंत होता.