पूर्वजन्माची कथा आणि या जन्माचा हिशेब



मराठीत दीर्घ गद्यकथेला आपण ‘कादंबरी’ म्हणतो. हा शब्द सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाच्या नावावरून आला, आणि तो ग्रंथ मुळात पुनर्जन्माची कथा आहे. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते. हा पोपट गेल्या जन्मीचा वैशंपायन, त्याच्याही आधीचा पुंडरीक. आणि त्याची हकिकत ऐकणारा राजा पूर्वीचा चंद्रापीड. एवढी गुंतागुंत असूनही रसिकाला ही कथा खोटी वाटत नाही. बुद्धिवादी कार्यकर्ता असल्या गोष्टींना भाकडकथा म्हणून बाजूला सारतो. पण ‘मधुमती’ पाहताना त्याच्याही डोळ्यांत पाणी उभे राहते, त्याचे काय करायचे?

कथेवरील विश्वास आणि सिद्धांतावरील विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्मा अमर आहे की नाही याचा निकाल लावून कोणी कादंबरी उघडत नाही. घडलेल्या गोष्टीची किंमत कोणी मोजतो आहे काय, एवढेच वाचक पाहतो. बाणाच्या कथेत पुरुष मरतात, पुन्हा जन्मतात, पोपट होतात, राजे होतात. महाश्वेता मात्र त्याच एका जन्मात अच्छोद सरोवराच्या काठी तपस्विनीच्या वेषात वाट पाहत राहते. कादंबरी चंद्रापीडाचा निष्प्राण देह सांभाळत बसते. जन्मांतराची सवलत या दोघींना नाही. तेथील पुनर्जन्म खरा वाटतो तो त्यांच्या न सरणाऱ्या दिवसांमुळे.

हीच कथा एका जागी मात्र कच खाते. बाण ग्रंथ अपुरा ठेवून वारला. त्याच्या मुलाने पुऱ्या केलेल्या उत्तरभागात ती चांडाळकन्या प्रत्यक्ष लक्ष्मी असल्याचे उघड होते. पोपटाचे दोन-दोन पूर्वजन्म पचवणाऱ्या कथेला चांडाळाची मुलगी चांडाळाचीच राहिलेली सोसवली नाही.

ही खोड तेराशे वर्षांनंतरही गेलेली नाही. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ची (1958) कथा ऋत्विक घटक यांची. इस्टेटीवरील व्यवस्थापक आणि डोंगरातील आदिवासी मुलगी यांची प्रीती जमीनदार उद्ध्वस्त करतो. पुढल्या जन्मी नायक इंजिनिअर होतो, नायिका त्याची पत्नी राधा. मीलन होते, प्रेक्षक सुखावतो. पण ती डोंगरातली मुलगी कोठे गेली? जे लग्न एका जन्मात जमले नाही ते दुसऱ्या जन्मात जमते, कारण अडचणीचा भाग मधल्या मृत्यूने परस्पर काढून टाकलेला असतो. ‘कर्ज’मध्ये (1980) तर मालमत्तेसाठी पत्नीने मारलेला तरुण नव्या देहात येऊन सूड उगवतो. सातबाऱ्यावरचे नाव बदलले तरी पडद्यावरचा वारस बरोबर परततो! मजुरी बुडालेला मजूर ती वसूल करायला पुन्हा जन्मल्याचे मात्र सहसा पाहायला मिळत नाही.

‘कर्ज’ हे शीर्षक अचूक आहे. संचित, प्रारब्ध, ऋणानुबंध, देणे फिटणे ही पूर्वजन्माची सारी परिभाषा खतावणीतली आहे. फरक इतकाच, की ही खतावणी ऋणकोला कधीही दाखवली जात नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले. कागद हाती लागला म्हणून जाळता आला. मागील जन्मीचा कागद कोठून आणावा?

असा कागद कोणाच्या माथी मारला गेला, हे पाहायला सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. मंगळवेढे याच जिल्ह्यात आहे. गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून 1338 साली चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. त्यांच्या नावावरील एका अभंगात त्यांच्या महार जन्माचे कारण दिले आहे: पूर्वजन्मी ते नीळ होते, त्याने कृष्णाची निंदा केली, त्याचे हे फळ. अभंग त्यांचाच की मागाहून कोणी घातलेला, हा वाद विद्वानांनी करावा. कथा म्हणून ती दोन ओळींची आहे. तीत ना प्रसंग, ना पुरावा, ना त्या नीळाचा चेहरा. वाङ्मयीन दृष्टीने इतकी दुबळी गोष्ट दुसरी सापडणे कठीण. तरीही शतकानुशतके लोकांनी ती खरी मानली, कारण ती खरी ठरवण्याचे काम कवीकडे नव्हतेच. ते गावाने, वेशीने आणि पंढरीच्या बंद दरवाजाने केले. तो दरवाजा उघडावा म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले.

डॉ. आंबेडकरांनी 1948 मधील अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी पूर्वकर्माच्या सिद्धांताचा हेतू शोधला. गरीब आणि दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज त्यांना तो दिसला नाही. आजच्या लेखकाने पुनर्जन्म कथेत जरूर आणावा. कल्पनेला बंदी घालणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. पण मागच्या जन्माने या जन्मीचा कोणता प्रश्न गिळला, हे वाचक त्याला विचारणारच.

चोखोबांच्या घरातच हा प्रश्न विचारला गेला होता. मुलाचे नाव कर्ममेळा, पण त्याच्या नावावरील एका अभंगात पूर्वकर्माचा आडोसा घेतलेला नाही. आम्हाला हीन का केलेस, जन्मभर उष्टे खावे लागते याची तुला लाज कशी वाटत नाही, असे तो थेट विठ्ठलालाच विचारतो.