कौल न देणारे संशोधन



संसदेपुढे येणाऱ्या विधेयकाची भाषा असते वकिलाची. त्यावर हात वर करणारा मात्र शेतकरी असतो, डॉक्टर असतो, शिक्षक असतो. त्याच्या दिमतीला अभ्यासकांचा ताफा नसतो. ही उणीव हेरून २००५ मध्ये दिल्लीत 'पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च' ही संस्था उभी राहिली. तिच्या कामाची घडी विधेयकाभोवतीच बसविलेली आहे. प्रथम सुबोध सारांश. मग मोजक्या पानांचे टिपण. विधेयकात काय आहे, कोणते कलम संदिग्ध आहे, अन्य देशांत कोणती व्यवस्था आहे, हे त्यात येते. २०१० पासून तरुण पदवीधर एकेका खासदाराच्या साहाय्याला दिले जातात. खासदाराचा पक्ष पाहिला जात नाही.

परंतु विधेयक संमत करावे की फेटाळावे, हे संस्था सांगत नाही. कित्येकांना हा बोटचेपेपणा वाटतो. तो तसा नव्हे. कौल दिला, की तेच टिपण एका बाकावर डोक्यावर घेतले जाईल आणि समोरच्या बाकावरून केराच्या टोपलीत जाईल!

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. मग अभ्यास कशाला, असे कोणी विचारील. पण संसदेच्या स्थायी समित्यांत पक्षादेश चालत नाही. तेथे टिपण वाचून आलेला एखादा सदस्य कलमाची शब्दरचना बदलण्याची शिफारस करवून घेऊ शकतो.