दगड झालेल्या लाकडाचा रंग



दवाखान्यात माझ्या टेबलावर कागद दाबायला एक तांबडा-पिवळा दगड असतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका पेशंटने आणून दिला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रक्तचंदन आहे, दगड झालेलं."

तांबडे म्हणून रक्तचंदन, हे काही खरे नाही. अश्मीभूत लाकडाचा रंग मूळ झाडाचा नसतोच. ओंडका गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेत गाडला जातो. हवा न मिळाल्याने कुजणे मंदावते, आणि पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत उतरून बसते. म्हणून लाकडाची ठेवण जशीच्या तशी दिसते. पण शुद्ध सिलिका बिनरंगी. रंग येतो तो किंचित भेसळीने, मुख्यतः लोहाच्या. लोहाचे हेमॅटाइट झाले की तांबडा. पाण्याचा अंश धरून गोएथाइट झाले की पिवळा, तपकिरी. आजीच्या घरातले गेरू आणि पिवडी यांचे रंग याच दोन खनिजांचे. पिवडी विस्तवावर भाजली की तांबडी होते, ती पाण्याचा अंश उडाल्यामुळेच. मँगनीजच्या ऑक्साइडने काळा रंग येतो, उरलेल्या कार्बननेही. हिरवा विरळा, अमेरिकेत ॲरिझोनातल्या हिरव्या लाकडात क्रोमियम सापडले आहे. सिलिशिया, फेरम, मँगॅनम, कार्बो... माझ्या फडताळातल्या बाटल्यांचीच नावे! आम्हा जैनांच्या वर्गीकरणात वनस्पतिकाय वेगळा, पृथ्वीकाय वेगळा. इथे एकाच्या साच्यात दुसरा बसलेला.

झाडाची जात कळते पेशींच्या रचनेवरून. रंग सांगतो तो तिथल्या पाण्याची हकीकत.

पण "तिथल्या" म्हणजे कुठल्या, हे ठाऊक हवे. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टला १९०६ साली संरक्षण मिळाले. तिथली झाडे २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची. पर्यटकांनी चोरून नेलेले तुकडे कधी कधी क्षमापत्रासह टपालाने परत येतात. ते रानात पुन्हा ठेवता येत नाहीत. नेमकी जागा हरवलेली असते, आणि भलत्या जागी ठेवले तर अभ्यासकांची दिशाभूल. त्यांचा वेगळा ढीग केला आहे. त्याला 'सद्सद्विवेकाचा ढीग' म्हणतात.

आपल्याच मध्य प्रदेशात, डिंडोरी जिल्ह्यात घुघवा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ताडवर्गीय खोडे तिथे पाहायला मिळतात. माझा तुकडा तिथला, की जैसलमेरजवळच्या आकलचा? केस लिहिताना रुग्णाला चाळीस प्रश्न विचारणारा मी. त्या दिवशी हा एक विचारायचा राहिला. ते गृहस्थ आता नाहीत. मुलाला विचारले, तर म्हणाला, "बाबा खूप फिरायचे हो."