शेवटच्या घराचे पाणी
(अंबाजोगाई येथे महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय दिला तो असा : ‘आपल्या प्रभागातील सोयी-गैरसोयी व येत्या वर्षातील कार्यक्रम.’ आपण मला निवडून दिले, तेव्हा हा हिशेब मी द्यावा हे योग्यच आहे. परंतु हिशेब म्हटला म्हणजे जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही आलीच. जमेचेच तेवढे वाचून दाखविले तर तो हिशेब नव्हे, ती जाहिरात. म्हणून आज दोन्ही बाजू सांगणार आहे. त्यांत माझ्या नावे पडलेली एक मोठी रक्कमही आहे.

मी प्रथम निवडून आले ती २०१६ च्या अखेरीस. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ साली आपल्या राज्याने त्या निम्म्या केल्या. त्याच वाटेने माझ्यासारखी स्वयंपाकघरातली बाई सभागृहात जाऊन बसली. पहिले काही महिने घरी कोणी आले की दारातूनच विचारी, “साहेब आहेत का?” मी म्हणे, “साहेब दुकानात आहेत, नगरसेविका पोळ्या लाटते आहे. काय काम आहे ते सांगा.” हळूहळू लोकांना सवय झाली. खरे सांगायचे तर मलाही झाली.

आता मुख्य विषयाकडे येते, आणि आपल्याकडे मुख्य विषय एकच, तो म्हणजे पाणी.

मांजरा नदी आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. केज तालुक्यात धनेगाव येथे तिच्यावर धरण आहे. आपले अंबाजोगाई, केज, कळंब आणि लातूर ही सारी गावे त्याच एका धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडे पडले. शेजारच्या लातुरात एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात आपण टँकरमागे घागरी घेऊन कशा धावलो ते येथे बसलेल्या एकीलाही सांगण्याची गरज नाही. त्या वेळी कोणी कोणाला बोल लावला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

त्याच वर्षी परतीच्या पावसाने धरणात पाणी आले आणि मी निवडून आले. लोक म्हणाले, बाईंचा पायगुण चांगला. मलाही ते ऐकून बरे वाटले. आता पाण्याची चिंता सरली असे मी धरून चालले.

पुढच्या वर्षी मंडळाच्या मासिक सभेला आपल्या गल्लीच्या शेवटच्या घरातल्या आजी आल्या. त्यांचा मुलगा आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जातात. घरी आजी आणि दोन नातवंडे. सभेत सगळ्यांचे बोलणे झाल्यावर त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, “बाई, धरण भरलंय म्हणतेत. मग माझ्या नळाला पाणी कामून येत नाही?”

मी नगरसेविकेला शोभेल असे उत्तर दिले. दाब कमी आहे, पाइप जुनी आहे, पाठपुरावा चालू आहे. आजी खाली बसल्या. त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि माझेही नव्हते.

तेव्हा आपल्या मंडळाने एक काम केले. त्या कामाची आठवण या स्मरणिकेत राहावी म्हणून मी मुद्दाम सांगते. मंडळाने दोनशे पानी एक वही आणली. तीत रकाने आखले : पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ, पहिल्या घरी किती, मधल्या घरी किती, शेवटच्या घरी किती, पाणी स्वच्छ की गढूळ. दासोपंतांनी याच गावात लांबलचक पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला. आपली वही त्यापुढे काय! पण शाळेत जाणाऱ्या मुलींपासून सत्तरीच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी ती तीन महिने नेटाने भरली. त्या वहीत जे उतरले ते असे की, पहिल्या घरी घागर भरेपर्यंत शेवटच्या घरी तांब्याही भरत नाही. दोन्ही घरांची पाइप एक, टाकी एक आणि पाणी सुटण्याची वेळही एकच!

मी ती वही घेऊन पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. पुढच्या वेळी पाणी सुटले तेव्हा तेथील अभियंते स्वतः आले. व्हॉल्व्ह पाहिला, तो पूर्ण उघडलेला होता. पाइप कोठे फुटली आहे का हे पाहत ते गल्लीतून चालत निघाले आणि माझ्या ओसरीपाशी थांबले. म्हणाले, “बाई, हा आवाज कसला?”

भगिनींनो, तो आवाज माझ्या मोटारीचा होता.

नळाला थेट मोटार लावून मी माझ्या गच्चीवरची टाकी भरत होते. एकटी मीच नव्हे, बऱ्याच घरांत तसे होते. परंतु सभेत आजींना ‘दाब कमी आहे’ असे उत्तर देणारी मी होते, आणि तो दाब कमी करणाऱ्यांतही मी होते. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती शब्दांत सांगता येत नाही. अभियंते सभ्य गृहस्थ, काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्यांनी समजावून सांगितले ते आपणही समजून घ्यावे. पाइपमध्ये पाणी येते ते उंच टाकीच्या दाबाने. वाटेत एकाने मोटार लावली की ती पाणी ओढून घेते आणि पुढच्या घरांचा दाब जातो. आणखी एक मोठा धोका आहे. मोटारीच्या ओढीने पाइपमध्ये पोकळी होते. जेथे पाइप गटाराजवळून जाते आणि जोड सैल असतो तेथून घाण आत ओढली जाते. म्हणजे आपण नुसते दुसऱ्याचे पाणी घेत नाही, स्वतःच्या घरात कावीळ आणि जुलाबही ओढून घेतो.

दुसऱ्या दिवशी मी मोटार नळावरून काढली. अंगणात जमिनीलगत हौद बांधला. नळाचे पाणी आपल्या दाबाने त्या हौदात पडते आणि हौदातून गच्चीवर चढविण्यास मोटार लागते. यात कोणाचेही पाणी तुटत नाही. हौदाला खर्च आला, तो मी केला. कारण ती चूक माझी होती. पुढच्या मासिक सभेत उभी राहून सगळ्यांसमोर ही हकीकत सांगितली आणि आजींची क्षमा मागितली. आजी म्हणाल्या, “जाऊ दे बाई, आता येतंय ना थोडं थोडं.”

त्यानंतर गल्लीतल्या मोटारी एकेक करून निघाल्या. सगळ्या निघाल्या असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या जाऊबाईंच्या घरची निघाली नाही. मी आग्रह धरला तेव्हा त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संक्रांतीचा तिळगूळही मुलाच्या हाती पाठविला. अखेर त्यांच्याच नातवाला कावीळ झाली, तेव्हा त्यांनी आपण होऊन मोटार काढली. त्या आज येथे बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सांगते आहे.

२०२१ च्या अखेरीस आमची मुदत संपली. नव्या निवडणुका झाल्या त्या थेट २०२५ च्या डिसेंबरात. मधल्या चार वर्षांत गावात कोणी नगरसेविका नव्हती, पण मंडळाची वही होती. प्रभागाचा कारभार नुसत्या निवडून दिलेल्या माणसाने चालत नाही, हे त्या चार वर्षांनी मला शिकविले.

आता इतर सोयींविषयी थोडक्यात सांगते.

पाणी साठविल्यावाचून आपले भागत नाही. परंतु साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून त्या दिवशी रांजण, टिपाड, कूलर सारे रिकामे करून आतून घासावे. नुसते पाणी ओतून देऊ नये, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. आणि भांड्यावर फडके किंवा झाकण कायम असावे.

कचऱ्याच्या गाडीत ओला कचरा वेगळा व सुका वेगळा द्यावा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून निराळे द्यावेत. यात लाजण्यासारखे काही नाही. तो कचरा उघड्या हातांनी वेचणारी बाई आपलीच बहीण आहे.

जन्माच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. बाळ झाल्यापासून २१ दिवसांच्या आत नोंद केली तर विलंब शुल्क पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. आणि नोंद होते ती जेथे जन्म झाला तेथे. आपल्या भागातल्या किती तरी बायका ऊसतोडीच्या टोळीत, परक्या जिल्ह्यात बाळंत होतात. पाडव्याच्या सुमारास गावी परततात तोवर मुदत गेलेली असते. तेव्हा टोळी निघण्यापूर्वीच प्रत्येक गरोदर बाईला हे समजावून सांगण्याचे काम मंडळाने अंगावर घ्यावे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ च मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. ज्या जिल्ह्याने हा आकडा पाहिला त्याने जन्मलेल्या एकाही मुलीची नोंद चुकू देऊ नये.

कार्यक्रमांपैकी दोनच सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून डबे-वाट्या लुटतो. यंदापासून नळाची तोटी लुटावी अशी माझी सूचना आहे. तोटी नसलेल्या नळातून किती पाणी वाहून जाते ते आपण रोज पाहतो. आणि त्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सर्व बायकांना बोलवावे. पती हयात आहे की नाही हे विचारू नये. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा सगळ्या राज्याने तिकडे पाहिले. आपल्याला ठरावाचीही गरज नाही, एक बोलावणे पुरे. दुसरा कार्यक्रम योगेश्वरीच्या मार्गशीर्ष नवरात्राचा. लांबून, थेट कोकणातूनही भाविक येतात. त्या दिवसांत पाणपोई मंडळाने चालवावी. पाणी झाकलेले, पेले स्वच्छ आणि भोवती चिखल नाही, एवढे सांभाळले म्हणजे झाले.

आता नावेची बाजू पुरी करते. गल्लीच्या टोकाला पाच घरे चढावर आहेत. मोटारी निघाल्या तरी तेथे पाणी पुरेसे चढत नाही. त्यासाठी वेगळी पाइप टाकावी लागेल. ते काम मी पहिल्या मुदतीत करून देईन असे म्हटले होते. ते झालेले नाही. कारणे सांगत बसत नाही. शब्द माझा होता, तो माझ्याच नावे लिहावा.

आणि एक मागणी करते. ती जुनी वही भरून संपली आहे. मंडळाने नवी वही आणावी, पूर्वीचेच रकाने आखावेत आणि प्रत्येक महिन्याला ती माझ्यापुढे ठेवावी. माझ्या घरावरून जाताना मोटारीचा आवाज आला तर तोही तीत लिहावा. पहिल्या घरी किती पाणी आले हे मला कोणी सांगण्याची गरज नाही, कारण पहिल्या घरांत मीच राहते. मला शेवटच्या घराचे सांगा.