पिल्लू, दूध आणि आठ आठवडे

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सोलापुरात आमच्या घरी ती कितव्या घरानंतर आली, कोण जाणे. जुन्या चादरींच्या गठ्ठ्यामागे तिची तीन पिल्लं होती. शेजारच्या मुलाच्या हट्टापायी मी एक पिल्लू तिसऱ्याच आठवड्यात उचलून दिलं. अम्मी म्हणाली, "अजून आईच्या अंगावर पितंय रे ते." मी ऐकलं नाही.

त्याला बशीतून गायीचं दूध मिळालं आणि जुलाब लागले. पिल्लू जगलं, पण वर्षभरानं भावंडं अंगानं भरली तरी ते किरकोळच राहिलं. सगळे म्हणाले, "जातच बारकी." तेही अगदी खोटं नाही. मांजराच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. तरी माझ्या मनातली बोच गेली नाही.

श्रोतेहो, पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम 100 ग्रॅमचं असतं. आठवड्या-दोन आठवड्यांत डोळे उघडतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते मऊ अन्नाला तोंड लावतं, पण आईपासून तोडायचं ते आठ आठवड्यांनंतरच. गायीच्या दुधात त्याला पुरेल इतकं सत्त्व नसतं आणि ते पचतही नाही. पुढं मांस-मासळी हवीच. आपल्या गल्लीतल्या मांजराची बहुतेक वाढ पहिल्या वर्षात होते. परदेशी मेन कून मात्र तीन-चार वर्षं वाढत राहतं. बोका मांजरीपेक्षा थोराड होतो. जंत आणि उपासमार वाढ खुंटवतात. सहाव्या महिन्यातच गाभण राहिलेल्या मांजरीच्या स्वतःच्या वाढीवर ताण पडतो. नसबंदीनं मांजर खुरटतं, हा मात्र गैरसमज. उलट लहानपणी केली तर हाडं किंचित लांबच होतात.

आपल्या महाराष्ट्रातली वाघाटी पाहा. पूर्ण वाढूनही दीड किलोच्या आसपास! जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ती एक. ऊसतोडणीत तिची पिल्लं सापडली की लोक बिबट्याचे बछडे समजून घाबरतात. वन खात्याची माणसं ती पिल्लं तिथंच फडात ठेवतात. रात्री आई येऊन घेऊन जाते. वाघाटीचं लहानपण उपजत आहे. त्यात कुणाची चूक नाही.

आमच्या त्या पिल्लाचं तसं म्हणता येईल का, मला सांगता येत नाही. आता कुणी पिल्लू मागायला आलं, की मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जातो आणि आठवडे मोजतो.