करमत नाही, आणि त्यापुढचे



दांडिया बाजारातल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. सोबत सून होती. ती म्हणाली, “आईंना करमत नाही. बाबा गेले, ताई अमेरिकेत.” घराने हा शब्द धरला, म्हणून उपायही घरगुतीच झाले: भजनी मंडळ, कमाटीबागेत फेरी, नातवाला चार दिवस आणून ठेवणे. असे सात महिने गेले.

मी बाईंना विचारले, “नातू आला की बरे वाटते?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तो मांडीवर बसतो आणि मला काहीच वाटत नाही. त्याचीच लाज वाटते हो.”

'करमत नाही' हा आपला फार नेमका शब्द आहे. त्यात कुणाची तरी वाट पाहणे असते, आणि ते माणूस आले की जीव रमतो. नैराश्याच्या आजारात माणूस येते, तरी आत काही हलत नाही. आम्ही डॉक्टर मंडळी आधी तेच शोधतो. दिवसभर दाटलेली उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे, यांपैकी एक लक्षण असावेच लागते. मग झोप, भूक किंवा वजन, थकवा, हालचाली मंदावणे किंवा नुसत्या येरझारा, लक्ष न लागणे, आपण नालायक आहोत ही टोचणी आणि मरणाचे विचार. या नवांपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे हवीत, आणि त्यांनी रोजचे जगणे अडलेले हवे. बाई पहाटे साडेतीनला जाग्या होत. घरात मात्र चर्चा त्यांच्या ॲसिडिटीची. आपल्याकडे मन बोलत नाही, पोट आणि पाठ बोलतात.

हा आजार दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. आम्ही रक्त तपासतो ते थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्यासाठी, कारण तिथला बिघाडही असाच दिसतो. पूर्वी कधी अवाजवी उत्साहाचा काळ येऊन गेला का, हेही विचारावे लागते. तसे असेल तर औषधच वेगळे. मरणाचे मी सरळ विचारतो. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. रात्री-अपरात्री डॉक्टर सापडला नाही, तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आता दुसरा शब्द, सुशिक्षितांचा: “मेंदूत केमिकल कमी झालेय.” त्याची कुळकथा सांगतो, कारण ती आपल्या गावावरून जाते. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा निबंध इंग्लंडमध्ये छापला. १९५३ मध्ये अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोविकारांवरच्या देशी औषधांविषयी निबंध वाचला, तो इथे, बडोद्याच्या वैद्यकीय परिषदेत. दरम्यान सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे निघाले होते. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले, आणि प्रयोगशाळेत दिसले की ते मेंदूतले सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन रिते करते. उलट इप्रोनियाझिड या क्षयाच्या औषधाने रुग्ण उल्हसित होत. ते हीच द्रव्ये वाढवते. १९६५ पर्यंत सिद्धांत उभा राहिला: ही द्रव्ये घटली की नैराश्य.

फारच सुटसुटीत. रेसर्पिनने खिन्न होणारे, नीट पाहता, वाटले होते तितके नव्हते. आणि गोळीने सेरोटोनिन काही तासांत वाढते, मन मात्र काही आठवड्यांनी उघडते. मधल्या काळात काय होते? आज वाटते ते असे, की मज्जापेशींमधले सांधे हळूहळू पुन्हा जुळत असावेत. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल चढे राहते. वारंवार आजार झालेल्यांत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस सरासरीने थोडा लहान आढळतो. आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत सुमारे ३७ टक्के निघाला, उरलेला आयुष्याचा. टाकीतले पाणी कमी झाले, ओतले, भरले, असा हा मामला नाही.

बाईंचा मुलगा इंजिनियर. दहाव्या दिवशी त्याने गोळ्या थांबवल्या. “केमिकल भरायला इतके दिवस लागतात का, डॉक्टर?” त्याची चूक म्हणवत नाही, तो शब्द आम्हीच त्याला दिलेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तारखा कागदावर लिहून दिल्या, आणि दर आठवड्याला बोलायला बोलावले.

सहाव्या आठवड्यात बाई एकट्या रिक्षाने आल्या. सूनबाई आमटीत फार गूळ घालते, ही पहिली तक्रार. मग म्हणाल्या, “डॉक्टर, हल्ली संध्याकाळी करमत नाही. लेकीची आठवण येते.”

मी औषध बदलले नाही.