जमेची बाजू



कामाच्या रगाड्यात आनंद कुठे शोधायचा, या विषयावर बोलताना वक्ते बहुधा हिमालयात जाऊन पोहोचतात. मी दौलताबादपर्यंतच जाणार आहे. आपल्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर.

सोळाव्या शतकात त्या किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामी पाहत. निजामशाहीची चाकरी आणि दत्ताची उपासना, दोन्ही त्यांनी एकाच आयुष्यात सांभाळलं. पैठणचा एकनाथ त्यांच्याकडे शिकायला राहिला आणि दप्तरही लिहू लागला. पुढची आख्यायिका तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. हिशेबात एका पैचा फरक आला. एकनाथ दिवा लावून रात्रभर वह्या चाळत बसले. चूक सापडली तेव्हा एवढा आनंद झाला की त्यांनी टाळीच वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर हा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल!

कीर्तनकार इथून परमार्थाकडे वळतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्या टाळीपाशी जरा थांबावंसं वाटतं. ती ऐकायला कुणी यावं अशी अपेक्षा नव्हती, तिच्यामागे बढती नव्हती. काम नेटकं झालं, एवढ्यावरच माणूस खूश झाला. स्वामींनी वही हिसकावून घेतली नाही. जो एका पैत इतका रमतो, तोच पुढचंही पेलेल, हे त्यांनी ओळखलं. आणि हा शिष्य पुढे अरण्यात गेला नाही. पैठणला प्रपंच केला, एकनाथी भागवत लिहिलं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, लोकांसाठी भारुडं रचली. गृहस्थाच्या दिवसात एवढं सगळं मावलं.

आपण काय करतो? वाळूजला पहिल्या पाळीची बस पकडणारे असोत, शेंद्र्याचे अभियंते असोत की बँकेतले कर्मचारी, आपल्या मनातल्या वहीत नावे बाजू भरगच्च असते. कोणी काय दिलं नाही, साहेब काय बोलले, बस किती उशिरा आली, सगळं तारीखवार लिहिलेलं. जमेचं पान मात्र कोरं.

पाण्याचंच घ्या. आपल्या शहरात नळाला पाणी येणं ही घरातली बातमी असते. त्या दिवशी घरोघरी भांडी, पिंपं, बादल्या भरण्याची लगबग. ते पाणी जायकवाडीच्या धरणातून येतं. त्या जलाशयाचं नाव नाथसागर, म्हणजे हिशेब लिहिणाऱ्या त्याच एकनाथांचं. तिथे ते उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीच्या चढावर आणायचं, मग टाक्या, मग गल्ल्या. या वाटेवर पंपापाशी रात्रपाळी करणारी माणसं आहेत, वेळी-अवेळी व्हॉल्व्ह फिरवणारा लाइनमन आहे. पाणी आलं नाही की त्याला आपण हमखास शोधतो. आलं त्या दिवशी त्याचं नाव तरी आपल्याला ठाऊक असतं का?

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, कृतज्ञता शिकवून तुम्ही आमची तक्रार बंद करता आहात. अजिबात नाही. लाइनमनचे आभार मानायचे आणि महापालिकेला जाबही विचारायचा. एकामुळे दुसरं फिटत नाही. कंत्राटी कामगाराला 'समाधानी राहा' असं सांगून त्याचा ओव्हरटाइम बुडवणाऱ्याला संतांचं नाव घ्यायचा अधिकार नाही. नाथांनी तर एक पैसुद्धा सोडली नव्हती, हे विसरू नका.

म्हणून माझं सांगणं छोटं आहे. रात्री झोपण्याआधी जमेच्या बाजूला एक नोंद करा, पण नावानिशी. 'दिवस बरा गेला' असलं मोघम नको. मशीन अडलं तेव्हा शेजारच्या कोणी हात दिला, डबा पहाटे कोणी भरला, आपल्या हातचं कोणतं काम आज चोख उतरलं, ते लिहा. आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला तसं सांगा. सांगताना थोडं अवघडल्यासारखं होईल. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानायची रीत नाही. तरी सांगा. ज्याची जमा चोख लिहिलेली असते, त्यालाच आपली बाकी ठामपणे मागता येते.